उद्योगधंद्यांचं करवकीलपत्र घ्यायचं असेल तर: सनदेपासून पहिल्या अपिलापर्यंत

एलएलबीच्या शेवटच्या वर्षातली मुलंमुली भेटायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "टॅक्समध्ये यायचं तर सीए असावं लागतं का?" नाही लागत. करदात्याच्या वतीने खात्यासमोर कोण उभं राहू शकतं याची यादी आयकर कायदा १९६१ च्या कलम २८८ मध्ये आहे आणि तिच्यात वकील आहे. जीएसटीत हेच काम कलम ११६ करतं. मी स्वतः कला शाखेतून आले. पण जमाखर्चाची भीती घेऊन हे काम होत नाही, आणि ती भीती घालवायला मला पहिली दोन वर्षं लागली. तुमची वाचावीत म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. व्यापाऱ्याची किंवा कंपनीची करकेस घडते ती अधिकाऱ्याला दिलेल्या पहिल्या लेखी उत्तरात, आणि बिघडते तीही तिथेच. आयकरात वस्तुस्थिती तपासणारी शेवटची पायरी म्हणजे आयकर अपिलीय न्यायाधिकरण, आपल्या बोलीत ट्रायब्युनल. उच्च न्यायालयात कलम २६०अ खाली फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न चालतो. त्यामुळे जो कागद तुम्ही पहिल्या टेबलावर ठेवला नाही, तो वरच्या कोर्टात कितीही मोठा वकील उभा केला तरी सहसा कामी येत नाही.

१. आधी काम काय ते ओळखा

रिटर्न भरणं, हिशेब तपासणं, ऑडिट ही सीए आणि करसल्लागारांची कामं. आपलं काम दोन ठिकाणी सुरू होतं. एक, वाद उभा राहिला की: नोटीस, सुनावणी, आदेश, अपील. दोन, व्यवहार व्हायच्या आधी: भागीदारी मोडून कंपनी करायची आहे, धंदा विकायचा आहे, परदेशी कंपनीला पैसे पाठवायचे आहेत, तेव्हा करार असा लिहायचा की उद्या वाद होऊ नये. नवखे पहिल्या कामाकडे धावतात, कारण ते दिसतं. दुसरं काम हळूहळू येतं आणि ते अनुभवाशिवाय कोणी देतही नाही.

करार कसा लिहिला यावर किती अवलंबून असतं याचं ठळक उदाहरण म्हणजे व्होडाफोन. २००७ साली परदेशातल्या एका कंपनीचे शेअर परदेशातच विकले गेले, पण मोल होतं भारतातल्या मोबाइल धंद्याचं. मग त्यावर भारतात कर लागतो का, हा वाद. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याच्या बाजूने निकाल दिला, २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मग त्याच वर्षी सरकारने कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला आणि २०२१ मध्ये ती दुरुस्ती मागे घेतली. दोन्ही निकाल एकापाठोपाठ एक वाचा. तेच कागद दोन कोर्टांनी कसे वेगळे वाचले हे समजून घेण्यात एक अख्खी सुट्टी गेली तरी चालेल.

२. पदवी, सनद आणि परीक्षा

कोणत्याही शाखेची पदवी आणि मग तीन वर्षांचं एलएलबी, किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम. महाराष्ट्रात प्रवेश सीईटीतून होतो. वाणिज्य शाखा असेल तर थोडं सोपं जातं, एवढंच. डीटीएल, म्हणजे करकायद्याची पदविका, आपल्याकडच्या काही विधी महाविद्यालयांत आहे. वेळ असेल तर करा, पण तिच्यामुळे काम मिळेल अशी आशा धरू नका.

सनदेसाठी, म्हणजे वकिली करायच्या परवान्यासाठी, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज करायचा. साधारण हे कागद आधीच जमवून ठेवा:

- दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका
- एलएलबीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला, ओळख आणि पत्त्याचा पुरावा
- चारित्र्याचे दाखले, विहित नमुन्यातली प्रतिज्ञापत्रं, फोटो
- नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत

शेवटच्या ओळीवर मुलींनी विशेष लक्ष द्यावं. दहावीला एक नाव, एलएलबीला लग्नानंतरचं दुसरं आणि आधारवर तिसरंच, अशा फायली महिनोन्‌महिने अडकतात. राजपत्राला वेळ लागतो, म्हणून ते काम निकालाची वाट न बघता सुरू करा.

नोंदणी शुल्काबद्दल ३० जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा: ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये ठरवलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ रुपये यांपेक्षा, जास्त शुल्क राज्य बार कौन्सिलांना घेता येत नाही.

सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत एआयबीई ही अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. शंभर प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. या शंभरातले करकायद्याचे प्रश्न असतात चार. करकायदा कॉलेजात मागे का पडतो आणि तो तुम्हाला तुमचा तुम्हीच का शिकावा लागतो, हे त्या चारावरूनच समजून घ्या.

३. कायद्याआधी जमाखर्च

माझ्या पहिल्या सिनिअरांनी मला सहा महिने एकही कलम वाचायला दिलं नाही. रोज एका व्यापाऱ्याची फाइल समोर ठेवायचे आणि विचारायचे, "या माणसाने वर्षभर काय केलं ते सांग." ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, बँकेचा उतारा आणि लेजर एवढ्यावरून. पहिल्यांदा मी सांगितलं, "विक्री वाढली, नफा वाढला." ते म्हणाले, "आणि उधारी? माल विकला, पण पैसे आले का?" येणं रकमांचं खातं उघडलं तर निम्मी विक्री एकाच गिऱ्हाइकाला, तीही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. अधिकारी नेमका तिथेच बोट ठेवणार होता.

हे वाचन तुम्हाला यायलाच हवं. एखाद्या छोट्या सीएच्या ऑफिसात तीन-चार महिने बसा, व्हाउचर लावा, बँक रिकन्सिलिएशन (बँकेचा उतारा आणि आपलं खातं जुळवणं) करा, टॅलीत नोंदी टाका. वकिलाने हे काम कशाला करायचं असं वाटू देऊ नका. दिवसाला एका व्यक्तीला १०,००० रुपयांच्या वर रोख खर्च दिला तर कलम ४०अ(३) खाली तो खर्च नाकारला जातो, हे पुस्तकात एक वाक्य आहे. कॅशबुकमध्ये एकाच हमालाच्या नावाने एकाच दिवशी ९,५०० आणि ८,००० अशा दोन नोंदी दिसल्या की त्या वाक्याचा अर्थ कळतो.

४. कोणत्या वर्षाचा वाद आहे, हा पहिला प्रश्न

आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. "मागील वर्ष" आणि "निर्धारण वर्ष" ही जुनी जोडी जाऊन एकच "कर वर्ष" आलं, कलमं ५३६ झाली, क्रमांक सगळे बदलले. पण त्याआधीच्या वर्षांचे वाद १९६१ च्या कायद्यानेच चालणार, आणि असे वाद अजून कित्येक वर्षं पुरतील. म्हणजे तुमच्या पिढीला दोन्ही कायदे टेबलावर उघडे ठेवावे लागणार. या लेखातले आयकराचे कलम क्रमांक मी १९६१ च्या कायद्यातले दिले आहेत.

जीएसटीतही तसंच. २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांची मागणी कलम ७३ किंवा ७४ खाली येते, २०२४-२५ पासून कलम ७४अ. ७३ आणि ७४ मधला फरक आधी पाठ करा. ७३ मध्ये दंड कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, यांपैकी जास्त असेल तो. ७४ मध्ये फसवणूक, जाणूनबुजून चुकीची माहिती किंवा लपवाछपवीचा आरोप असतो आणि दंड कराइतकाच होऊ शकतो. साध्या तफावतीला ७४ लावलं असेल तर तुमच्या उत्तराचा पहिला मुद्दा तोच: लपवलं काय आणि कधी, ते नोटिशीत कुठे लिहिलंय?

५. सिनिअर निवडताना

मोठं नाव बघू नका, फायली बघा. ज्या ऑफिसात आयकर आणि जीएसटी दोन्ही आहे, जिथे पहिल्या नोटिशीपासून काम येतं आणि ज्युनिअरला मसुदा लिहायला मिळतो, तिथे जा. नुसत्या तारखा घ्यायला पाठवणाऱ्या ऑफिसात वर्षाच्या वर थांबू नका. महाराष्ट्रात ट्रायब्युनलची खंडपीठं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत. आठवड्यातली एक सकाळ तिथे मागच्या खुर्चीवर बसून ऐका. समोर एक न्यायिक सदस्य आणि एक लेखा सदस्य असतात. लेखा सदस्य आकड्यावर कुठे थांबतात, वकील पेपरबुकाचं, म्हणजे कागदांच्या बांधलेल्या संचाचं, पान किती पटकन काढून देतो, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

६. पहिली नोटीस हातात आल्यावर

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे.

अशील फोनवर सांगतो, "मॅडम, नोटीस आलीय, काही विशेष नाही." फोनवरच्या वर्णनावर कधीही मत देऊ नका. नोटीस मागवा आणि या क्रमाने वाचा: कोणी काढली, कोणत्या वर्षाची, कोणत्या कलमाखाली, उत्तराची तारीख कोणती. आयकराची असेल तर डिन, म्हणजे दस्त ओळख क्रमांक, आहे का बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर तो असावा लागतो आणि पोर्टलवर तपासून घेता येतो.

मग अशिलाकडून स्वतः लॉगिन करवून घ्या आणि पोर्टल बघा. जीएसटी पोर्टलवर नोटिसा एका ठिकाणी आणि "अतिरिक्त नोटिसा व आदेश" अशा वेगळ्या टॅबमध्ये, अशा दोन जागी असू शकतात. हा दुसरा टॅब कोणी उघडलाच नाही म्हणून सुनावणी न होता आदेश झालेले किती व्यापारी मी पाहिलेत! नव्या अशिलाचं काम हातात घेतलं की पहिल्या दिवशी तो टॅब उघडा, नोटीस असो वा नसो.

आता कागद. इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या भरायच्या करातून वजा करणं. त्याचा वाद आज सगळ्यात जास्त भेटतो, म्हणून त्याचंच उदाहरण घेते. एमआयडीसीतला एक छोटा फॅब्रिकेशनवाला. लोखंडी पत्रे ज्याच्याकडून घेतले, त्या पुरवठादाराची नोंदणी नंतर मागच्या तारखेपासून रद्द झाली. खात्याचं म्हणणं: माल आलाच नाही, नुसती बिलं आली. आमच्याकडे बिलं होती, बँकेतून पैसे दिल्याचा उतारा होता, ई-वे बिलं (मालवाहतुकीसाठी पोर्टलवर काढायची बिलं) होती. मसुदा तयार झाला आणि मी खुशीत होते. सिनिअर म्हणाले, "हे सगळं कॉम्प्युटरमधून निघालंय. माल गेटमधून आत आला हे कोणी पाहिलं?"

मी कारखान्यात गेले. गेटवरच्या केबिनमध्ये लांबट, निळ्या पुठ्ठ्याचं आवक रजिस्टर होतं. कडा तेलकट झालेल्या. त्यात वॉचमनच्या हस्ताक्षरात तारीख, गाडी नंबर, "पत्रा", आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, ड्रायव्हरची सही. स्टोअरमधल्या एका बॉक्स फाइलमध्ये वजनकाट्याच्या पावत्या होत्या, भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन. गाडी नंबर तोच, ई-वे बिलावरचाच. एक पावती फिकी पडून अक्षरं दिसेनाशी झाली होती, ती तिथेच उजेडात धरून फोटो काढला. मग बिल्ट्या, म्हणजे ट्रकवाल्याच्या मालाच्या पावत्या, आणि ट्रकभाड्याचे पैसे. सगळं तारखेप्रमाणे एका तक्त्यात मांडलं: बिल, ई-वे बिल, बिल्टी, काटा पावती, गेट नोंद, पैसे. बावीस गाड्यांपैकी एकोणीस गाड्यांची साखळी पूर्ण जुळली. तीन जुळल्या नाहीत, आणि त्या जुळत नाहीत असंच आम्ही उत्तरात लिहिलं. त्या तीन गाड्यांवरचं क्रेडिट गेलं, एकोणीस गाड्यांवरचं राहिलं.

हे इतकं का करावं लागतं? जीएसटीत क्रेडिट मागणाऱ्यावरच ते सिद्ध करायची जबाबदारी आहे, कलम १५५. आणि १३ मार्च २०२३ रोजी एकॉम गिल कॉफी ट्रेडिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कर्नाटकच्या व्हॅट कायद्याखाली का होईना, स्पष्ट सांगितलं की बिल आणि चेकने दिलेले पैसे पुरेसे नाहीत; गाडीचा तपशील, भाडं, माल मिळाल्याची पोच असं सगळं दाखवावं लागतं. निकाल वाचताना ही यादी रुक्ष वाटते. गेटवरचं रजिस्टर एकदा हातात घेतलं की वाटत नाही.

अशिलाकडून मागायची यादी, अशा प्रकरणापुरती:

- खरेदी बिलं आणि पुरवठादाराचं खातं, सुरुवातीच्या शिलकेपासून
- जीएसटीआर-२बी (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून दिसणारं क्रेडिट), जीएसटीआर-३बी (अशिलाने भरलेलं विवरणपत्र) आणि त्यांच्यातल्या फरकाचा तक्ता
- ई-वे बिलं, बिल्ट्या, काटा पावत्या, गेट रजिस्टर
- ट्रकभाडं दिल्याचा पुरावा, बँक उतारे
- तो माल पुढे कुठे वापरला किंवा विकला याची स्टॉक नोंद
- सहीचं वकीलपत्र किंवा अधिकारपत्र

झेरॉक्सवर भागवू नका, मूळ कागद एकदा डोळ्यांनी बघाच. अशील वाईट हेतूने नव्हे, पण धांदलीत चुकीचा कागद देतो.

उत्तर लिहिताना नोटिशीतल्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर द्या. न दिलेलं उत्तर म्हणजे कबुली असं पुढे वाचलं जातं. आधी तथ्यं, मग कागद पान क्रमांकासह, मग कलम, आणि निकाल सगळ्यात शेवटी. नवखे उलट करतात: पंधरा निकालांचे उतारे आणि अशिलाच्या धंद्याविषयी दोन ओळी. जीएसटीच्या डीआरसी-०६ मध्ये, म्हणजे नोटिशीला उत्तर द्यायच्या नमुन्यात, वैयक्तिक सुनावणी हवी का असं विचारलेलं असतं, तिथे "हो" करा. विरोधी आदेश द्यायचा असेल तर कलम ७५(४) खाली सुनावणी द्यावीच लागते, पण आपण स्वतः "नाही" लिहून दिलं तर मग भांडत बसावं लागतं.

७. मुदतीची वही

सनदेच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. अशिलाने सांगितलं, "आदेश मागच्या आठवड्यात मिळाला," आणि मी ते धरून चालले. त्याच्या हातात छापील प्रत मागच्या आठवड्यात पडली होती, पोर्टलवर आदेश तीन महिन्यांपूर्वीच चढला होता. जादाचा एक महिना होता म्हणून विलंब माफीच्या अर्जावर अपील दाखल झालं. आणखी काही आठवडे गेले असते तर दारच बंद होतं. त्या रात्रीपासून मी अशिलाच्या तारखेवर विश्वास ठेवलेला नाही. तारीख मी स्वतः पोर्टलवर बघते.

जीएसटीचं पहिलं अपील, कलम १०७: आदेश कळल्यापासून तीन महिने, आणि पुरेसं कारण असेल तर वर एकच महिना. त्यापुढे अपील अधिकाऱ्याला विलंब माफ करायचा अधिकारच नाही. अबकारी कायद्यातल्या अशाच तरतुदीवर सिंग एंटरप्रायझेसच्या २००७ मधल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगून ठेवलंय. आयकरात आयुक्त (अपील) यांच्याकडे ३० दिवस, उच्च न्यायालयात १२० दिवस. एक जाड वही घ्या, मोबाइलच्या आठवणीवर राहू नका. प्रत्येक आदेशाची तारीख, कळल्याची तारीख, शेवटचा दिवस, आणि त्याच्या दहा दिवस आधीचा दिवस लाल शाईने.

८. पहिलं अपील

जीएसटीत अपिलासोबत वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम भरावी लागते, आणि ती भरली की उरलेली वसुली आपोआप थांबते. अशिलाला हे आदेश आल्याच्या दिवशीच सांगा. पैसे उभे करायला त्याला वेळ लागतो आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी चलन भरताना बँकेची अडचण आली तर कोणी ऐकत नाही. आयकरात तशी अट नाही, पण स्वतः कबूल केलेला कर भरलेला हवा आणि वसुली थांबवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तिथे साधारणपणे मागणीच्या २० टक्के भरायला सांगतात.

अपिलाचे मुद्दे छोटे ठेवा. प्रत्येक मुद्द्यात एकच तक्रार. नवा कागद द्यायचा असेल तर तो खाली का दिला नाही याचं खरं कारण लिहून वेगळा अर्ज करा. ट्रायब्युनलच्या नियम २९ खाली नवा पुरावा हक्काने देता येत नाही. पेपरबुकाला अनुक्रमणिका, सलग पान क्रमांक, आणि कोणता कागद खालच्या अधिकाऱ्यासमोर होता याची खूण.

९. फी, सल्ला आणि लक्ष्मणरेषा

"रिफंड मिळाला तर त्यातले इतके टक्के," असा प्रस्ताव तुमच्याकडे येईलच. नाही म्हणा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, जाहिरातीलाही आहे. सनद चालू ठेवून कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरीही करता येत नाही. कंपनीच्या कर विभागात जायचं असेल तर आधी सनद स्थगित करा.

अशिलाने वकिलाला सांगितलेलं गुपित कायद्याने जपलं जातं, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १३२ ने. सीएशी झालेल्या बोलण्याला तसं संरक्षण नाही. म्हणून नाजूक गोष्ट असेल तर पहिली बैठक तुमच्या आणि अशिलामध्येच ठेवा. आणि त्याच बैठकीत, हिशेबच खोटा असेल तर मागच्या तारखेचा कागद बनवून मिळणार नाही, हे स्पष्ट सांगा. कर, व्याज आणि कमीत कमी दंड भरून बाहेर कसं पडायचं, हा सल्लाही आपल्याच कामाचा भाग आहे.

काम ठरलं की कामाची व्याप्ती, फीचे टप्पे आणि कागद देण्याची जबाबदारी कोणाची, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मूळ कागद घेताना यादीवर पोच द्या. प्रकरण मिटलं की ते रजिस्टर, त्या पावत्या, सगळं त्याच यादीप्रमाणे मोजून परत करा आणि अशिलाची सही घेऊन ती यादी तुमच्या फाइलला लावा.